अकरावीचे गणित : निवड आणि पूर्वतयारी

दहावीचा निकाल लागतो आणि अकरावीचे प्रवेश सुरू होतात, या दोहोंमध्ये फार थोडे दिवस असतात. त्या थोड्या दिवसांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विद्याशाखा आणि विषय यांची निवड करावी लागते. ज्या घरात मागच्या पिढीतील कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले आहे, तेथे ही चर्चा वर्ष-दोन वर्षे आधीच सुरू झालेली असते. आपल्या विद्यालयातील पुष्कळ मुलामुलींच्या घरी मात्र अकरावीत जाणारे ते पहिलेच अपत्य असते. मग शेजाऱ्यांचा सल्ला, मित्राने भरलेला अर्ज आणि गुणपत्रिकेवरील एक आकडा, एवढ्या सामग्रीवर निर्णय होतो. या निर्णयात सर्वाधिक घोटाळा ज्या विषयाबाबत होतो तो विषय म्हणजे गणित. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने या एका प्रश्नाचा सविस्तर विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अकरावीला गणित घ्यावे की नाही, हे मुलाच्या हुशारीवरून ठरवायचे नसते आणि दहावीच्या एकूण गुणांवरूनही ठरवायचे नसते. नववी-दहावीतील काही मोजकी कौशल्ये हाताशी आहेत की नाहीत, एवढेच पाहावे लागते. ती आहेत की नाहीत हे अर्ध्या तासात तपासता येते आणि नसतील तर एका उन्हाळ्यात मिळवता येतात.

गुणपत्रिका काय सांगते, काय सांगत नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात भाग १ बीजगणिताला ४० गुण, भाग २ भूमितीला ४० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी यांच्याबरोबरच अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी हेही घटक आहेत. आता एखाद्या विद्यार्थ्याने अर्थनियोजन, सांख्यिकी, भौमितिक रचना आणि महत्त्वमापन उत्तम केले, अंतर्गत गुणही चांगले मिळवले, तर वर्गसमीकरणे कच्ची राहूनही त्याचा आकडा देखणा दिसतो. उलट ज्याची बीजगणितावर पकड आहे, पण सिद्धता लिहिण्यात किंवा वेळेच्या नियोजनात जो मागे पडला, त्याचा आकडा साठीच्या घरात राहतो. अकरावीच्या गणितात दुसऱ्याची वाट अधिक सुकर असण्याचा संभव आहे. एकूण गुणांचा आकडा हा भेद दाखवत नाही. म्हणून ऐंशीच्या वर गुण म्हणजे गणित घेतलेच पाहिजे आणि साठ गुण म्हणजे गणित सोडलेच पाहिजे, ही दोन्ही अनुमाने सारखीच धोक्याची आहेत.

केंद्रीय मंडळाच्या शाळांत शिकणाऱ्या नातलगांच्या मुलांसाठी येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तेथे २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर आहेत. बेसिक हा स्तर पुढे उच्च गणित न घेणाऱ्यांसाठी योजिलेला आहे. त्यामुळे त्या मंडळात हा निर्णय दहावीच्याही आधी दार ठोठावतो. सोपा स्तर निवडताना पुढे काय सुटते, याची चौकशी शाळेत आधीच करून घ्यावी.

गणित कोठे कोठे लागते

विज्ञान शाखेत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घ्यावे, जीवशास्त्र घ्यावे की दोन्ही घ्यावीत, असा प्रश्न येतो. व्यवहारात यांना पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी असे म्हणतात. अभियांत्रिकीसाठी राज्याची जी सीईटी होते तिच्या पीसीएम गटात एकूण २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. प्रश्न पन्नास आणि प्रत्येकी दोन गुण, असे तिचे स्वरूप आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, तरी गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांनाच सोडवावी लागते. नौदल आणि वायुदलासाठी बारावीला पदार्थविज्ञान व गणित असावेच लागते. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही दाखल होत आहेत. म्हणून मुलीला गणित कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

विज्ञानाबाहेरही गणिताची गरज संपत नाही. वाणिज्य शाखेत अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत चिटणिसाची कार्यपद्धती किंवा गणित असा पर्याय असतो. पहिला विषय सोपा म्हणून बहुतेक जण तो घेतात. परंतु सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांची १०० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संख्याशास्त्राच्या पदवीसाठी बारावीचे गणित आवश्यक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठीही ते लागते. अर्थशास्त्र शिकायचे म्हणून कला शाखा घेतलेल्या मुलाला ही अट बारावीनंतर कळली, तर तिचा उपयोग होत नाही. कला शाखेतही गणित घेता येते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. राज्य मंडळाचा गणित व संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांना एकच आहे.

ज्यांना वैद्यकीय शाखेकडे जायचे आहे त्यांना नीट परीक्षेसाठी गणित हा विषय लागत नाही. परंतु त्या परीक्षेच्या १८० प्रश्नांपैकी ४५ पदार्थविज्ञानाचे असतात आणि सदिश, त्रिकोणमिती, आलेख व विकलन यांची ओळख असल्याशिवाय ते पदार्थविज्ञान नीट उमगत नाही. म्हणून गणित विषय सोडला तरी गणिताची एवढी शिदोरी बरोबर घ्यावीच लागते.

गणित घेऊन पुढे ते सोडणाऱ्याच्या फारशा वाटा बंद होत नाहीत. गणित सोडून पुढे त्याच्याकडे परतू पाहणाऱ्याला मात्र मोठे वळण घ्यावे लागते. दोन्ही बाजू सारख्या वाटत असतील तेव्हा ही विषमता निर्णायक मानावी, असे आम्ही सुचवतो.

अकरावीत नेमके काय बदलते

अकरावीच्या पुस्तकांत संमिश्र संख्या, निश्चयक, शांकव, क्रमचय व संचय, फलन, सीमा, विकलन अशी अनोळखी नावे दिसतात आणि मूल घाबरते. परंतु खरी अडचण बहुतेक वेळा या नव्या कल्पनांत नसते. एक उदाहरण घेऊ. क्ष ची किंमत २ च्या जवळ जवळ जात असता (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) या राशीची सीमा काढायची आहे. क्षच्या जागी थेट २ ठेवले तर शून्य भागिले शून्य येते आणि गाडी अडते. आता क्ष² − ४ चे अवयव (क्ष − २)(क्ष + २) असे पाडले की क्ष − २ हा समान अवयव जातो, क्ष + २ उरतो आणि सीमा ४ येते. यात नवी कल्पना एकच आहे. क्ष २ च्या जवळ जातो, २ होत नाही, म्हणूनच तो समान अवयव काढून टाकता येतो. बाकीचे सारे काम आधीच्या इयत्तांत शिकलेल्या अवयवांचे आहे. ज्याला अवयव दिसत नाहीत त्याला वाटते की आपल्याला सीमा समजत नाही.

वर्तुळाचेही तसेच. क्ष² + य² − ६क्ष + ५ = ० या वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि त्रिज्या विचारली जाते. पूर्ण वर्ग करण्याची रीत अवगत असलेला विद्यार्थी हे समीकरण (क्ष − ३)² + य² = ४ असे लिहितो. केंद्रबिंदू (३, ०) आणि त्रिज्या २, हे उत्तर त्याला समोर दिसते. ही रीत त्याने दहावीच्या वर्गसमीकरणांत केलेली असते. त्रिकोणमितीत मात्र खरोखरच एक मोठी झेप आहे. दहावीत साइन-कोसाइन काटकोन त्रिकोणाच्या बाजूंतून येतात. अकरावीत कोन कितीही मोठा असू शकतो, ऋणही असू शकतो आणि तो अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजला जातो. १८० अंश म्हणजे पाय रेडियन, हे समीकरण पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडले पाहिजे.

अर्ध्या तासाची तपासणी

निर्णयापूर्वी मुलाने पुस्तक मिटून, कोणाची मदत न घेता, खालील सहा उदाहरणे सोडवावीत.

१. (अ + ब)² चा विस्तार लिहा आणि तो अ² + ब² का नाही, हे अ = ३, ब = ४ घेऊन दाखवा.

२. १/(क्ष − २) − १/(क्ष + २) याला सरळ रूप द्या.

३. क्ष² − ६क्ष + ५ ही राशी पूर्ण वर्गाच्या रूपात लिहा आणि तिची लघुतम किंमत सांगा.

४. फ = (९/५)स + ३२ या सूत्रातून स ची किंमत फ च्या रूपात काढा.

५. (१, २) आणि (३, ८) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ व समीकरण काढा.

६. लघुकोनाचा साइन ३/५ असेल तर त्याचा कोसाइन आणि टॅन काढा.

उत्तरे अशी : पहिल्यात विस्तार अ² + २अब + ब², किंमती ४९ आणि २५. दुसऱ्यात ४/(क्ष² − ४). तिसऱ्यात (क्ष − ३)² − ४, म्हणून लघुतम किंमत −४. चौथ्यात स = ५(फ − ३२)/९. पाचव्यात चढ ३ आणि समीकरण य = ३क्ष − १. सहाव्यात ४/५ आणि ३/४.

पाच किंवा सहा उत्तरे बरोबर आली तर गणित निःशंकपणे घ्यावे. तीन-चार आली तर घ्यावे, परंतु उन्हाळ्याची तयारी पूर्ण करण्याच्या निश्चयानेच. दोन किंवा त्याहून कमी आली तर आधी तयारी करावी, मग हीच तपासणी आकडे बदलून पुन्हा करावी आणि नंतर ठरवावे. हा आमचा व्यवहारातला ठोकताळा आहे. तो मुलाच्या बुद्धीचा निवाडा नव्हे. कोणते उदाहरण चुकले यावरून कोणता धडा पुन्हा उघडायचा हे कळते, यातच त्याचे मोल आहे.

उन्हाळ्यातील आठ आठवडे

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग जूनच्या आधी सुरू होत नाहीत. या काळातील आठ आठवडे, रोज दीड तास, एवढाच वेळ आम्ही मागतो. पहिले दोन आठवडे घातांक, अवयव आणि बैजिक अपूर्णांक यांना द्यावेत. तिसऱ्यात वर्गसमीकरणे आणि पूर्ण वर्गाची रीत. चौथ्यात सूत्रांची अदलाबदल आणि असमानता. पाचव्यात निर्देशक भूमिती व रेषांचे आलेख. सहाव्यात त्रिकोणमितीय गुणोत्तरे आणि नित्यसमानता. सातव्यात लॉगॅरिदम, कारण त्याची गरज अकरावीच्या रसायनशास्त्रातही पडते. आठव्या आठवड्यात सर्व प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवावीत, कारण धड्याचे नाव माहीत नसताना रीत आठवणे हीच खरी कसोटी असते.

यासाठी महागड्या वर्गाची गरज नाही. नववी-दहावीची मंडळाची पुस्तके, एक जाड वही आणि चूक दाखवणारा कोणीतरी मोठा विद्यार्थी एवढे पुरे आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरही विनामूल्य मिळतात. सोडवलेले उदाहरण वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे, हे मात्र मुलाला बजावून सांगावे. उत्तर झाकून ते स्वतःच्या हाताने पुन्हा उतरले पाहिजे.

भाषेचा उंबरठा

मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलाला गणितापेक्षा गणिताची इंग्रजी अधिक अडवते. ज्याला छेद आणि अंश ठाऊक आहेत तो डिनॉमिनेटर आणि न्यूमरेटर ऐकून गप्प बसतो. वर्गातील चारजण हसतील या भीतीने तो विचारत नाही. महिनाभरात त्याची खात्री होते की गणित आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. यावर उपाय सोपा आहे. सातव्या आठवड्यापासून एका वहीत दोन रकाने करावेत. सहगुणक म्हणजे कोएफिशियंट, चल म्हणजे व्हेरिएबल, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, फलन म्हणजे फंक्शन, सीमा म्हणजे लिमिट, विकलन म्हणजे डिफरन्शिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन. अशा दीडशे शब्दांची वही झाली की पाठ्यपुस्तकाचे पान अनोळखी राहत नाही. संभाव्यतेत ‘अॅट लीस्ट’ म्हणजे किमान आणि ‘अॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, या दोन शब्दप्रयोगांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांची अदलाबदल झाली की गणित बरोबर करूनही उत्तर चुकते. आणि आपण मराठीतून शिकलेले गणित कमी प्रतीचे नाही, हे मुलाला आपण सर्वांनी पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. कल्पना तीच आहे, फक्त तिचे नाव बदलले आहे.

अकरावीचे वर्ष

अकरावीची परीक्षा महाविद्यालयाची असते, मंडळाची नसते. त्यामुळे ते वर्ष विश्रांतीचे समजले जाते. यात दुहेरी नुकसान आहे. राज्याच्या सीईटीत सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे गणिताच्या पन्नास प्रश्नांपैकी दहा. त्याहून मोठे नुकसान असे की बारावीचे संकलन, सदिश आणि अवकल समीकरणे अकरावीच्या पायावरच उभी असतात. पाया राहिला तर बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो.

बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत लेखी ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. तेथे पायऱ्यांना गुण मिळतात. सीईटीत गणिताच्या पन्नास प्रश्नांना नव्वद मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात, आणि तेथे केवळ उत्तर पाहिले जाते. म्हणून आधी सावकाश व पूर्ण लिहिण्याची सवय लावावी आणि वेग नंतर वाढवावा. क्रम उलटा झाला तर दोन्ही हातचे जाते. प्रत्येक चुकीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी : चिन्ह चुकले, सूत्र चुकले की प्रश्नच वेगळा वाचला. महिनाअखेरीस ती वही चाळली तर आपल्या चुका तीन-चार प्रकारांतच फिरतात, असे विद्यार्थ्याला दिसून येते.

गणित कोणी घेऊ नये

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही मांडणे आमचे कर्तव्य आहे. ज्याचे मन भाषा, इतिहास, कायदा, परिचर्या किंवा कलेत खरोखर रमले आहे आणि ज्याच्या ठरलेल्या वाटेवर गणिताची अट नाही, त्याच्यावर केवळ प्रतिष्ठेसाठी हा विषय लादू नये. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतल्याने ‘सगळे मार्ग खुले राहतात’ हे खरे असले तरी दोन्हींचा भार पेलण्याइतका वेळ आणि प्रकृती मुलाजवळ आहे का, हे आधी पाहावे. ज्याला लवकर हाताला काम हवे आहे त्याने दहावीनंतरच्या तंत्रनिकेतनाचा विचार करावा. मात्र त्या पदविकेच्या पहिल्या वर्षातही गणित आहे, म्हणून वरील आठ आठवडे त्यालाही तितकेच उपयोगी पडतील. सोडणे हा अपराध नाही. न तपासता, घाबरून किंवा कोणी हिणवले म्हणून सोडणे मात्र टाळले पाहिजे.

पालक आणि माजी विद्यार्थी यांस

पालकांना गणित येत नसले तरी चालेल. त्यांनी तीन प्रश्न विचारावेत : आज कोणते उदाहरण अडले, ते कोणाला विचारले आणि आता ते स्वतः सोडवता येते का? या तीन प्रश्नांना रोज उत्तर द्यावे लागणारे मूल सहसा मागे पडत नाही. प्रवेशाच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा.

माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी अभियंता झाले, कोणी बँकेत आहेत, कोणी शिक्षक आहेत, कोणी सैन्यात आहेत. विद्यालयाला आपल्या देणगीइतकीच आपल्या एका उन्हाळ्याची गरज आहे. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एक दिवस, पाच-सहा मुलांना घेऊन, आपल्या गावी किंवा वस्तीतील विहारात बसावे. वर दिलेली सहा उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवावीत आणि जेथे पेन थांबेल तेथून शिकवायला आरंभ करावा. वसतिगृहात एकाच कंदिलाभोवती किंवा एकाच दिव्याखाली एकमेकांचे अडलेले उदाहरण सोडवण्याची जी सवय आपण येथून नेली, ती पुढच्या तुकडीच्या हाती देण्याचा हा मार्ग आहे.

येत्या निकालानंतर आपल्या विद्यालयाचे एकही मूल अज्ञानापोटी किंवा भीतीपोटी गणितापासून दूर जाऊ नये आणि जे जाईल ते समजून-उमजून जावे, एवढीच आमची सदिच्छा आहे. दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.